चंद्रापुरता पांढरा

“पांढरा म्हणजे पांढराच असते ना ताई, त्यात का एवढं पाहून राहिल्या?”

नागपूरच्या इतवारीतल्या कागदाच्या एका घाऊक दुकानात काकांनी मला हे विचारलं, तेव्हा काउंटरवर सात पांढरे कागद पसरलेले होते. मी एकेक उचलून दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन पाहत होते. मार्च संपत आला होता, दुपारचे साडेबारा झाले होते. काका वैतागले नव्हते, त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मलाही त्यांना नीट सांगायचं होतं, पण हमालांच्या आणि हातगाड्यांच्या त्या गडबडीत ते जमलं नाही. “चंद्रासाठी पाहिजे,” एवढंच म्हणाले. आज सावकाश सांगते.

आईला एक्याऐंशीवं लागलं होतं. मे महिन्यात तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं, तेव्हा मी भावाला म्हटलं की निमंत्रणं छापून आणू नकोस, मी हाताने करते. ६० कार्डं. चित्र मनात पक्कं होतं: गर्द निळं आकाश, त्यात पूर्ण चंद्र आणि खालच्या कोपऱ्यातून आत आलेली कडुनिंबाची फांदी. फांदीचा रबरी ठसा माझ्याकडे होता. आकाश स्पंजाने डाय इंक, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, फिरवून करायचं होतं. चंद्र मात्र रंगवायचा नव्हता. गोल कापलेला, हलक्या गोंदाचा मास्क आधी चिकटवायचा, सभोवती निळी शाई फिरवायची आणि मग मास्क अलगद उचलायचा. त्याखाली जो कोरा कागद राहतो तोच चंद्र. म्हणजे मी कागद निवडणार होते तेव्हा चंद्रच निवडणार होते, आणि तोही आईचा.

बँकेत मी ३१ वर्षं होते, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. नोटा मोजणाऱ्या माणसाची बोटं कागद डोळ्यांच्या आधी ओळखतात. आपली नोट कापसाच्या तंतूंच्या कागदाची असते, म्हणून ती करकरीत असूनही चिवट असते आणि खिशात राहून धुतली गेली तरी तिचा लगदा होत नाही. काउंटरवर अतिनील दिवा असायचा. त्याच्याखाली खरी नोट अंधारीच राहते, तिचा सुरक्षा धागा आणि क्रमांक तेवढे उजळतात. शेजारी पडलेली साधी पावती मात्र निळसर जांभळी पेटल्यासारखी दिसते. कित्येक वर्षं मी हे रोज पाहिलं आणि त्याचं कारण कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर स्टॅम्पिंगचा, म्हणजे रबरी ठशांनी कार्डं करण्याचा, नाद लागला, तेव्हा ते कारण समजलं आणि त्या दिव्याची आठवण पुन्हा जागी झाली.

आपल्या आया धोतरांना नीळ देत. कापड धुतल्यावर जो पिवळसरपणा उरतो तो निळ्या छटेने झाकला जातो आणि पांढरं जास्त पांढरं भासतं. कागद कारखान्यात हेच काम ऑप्टिकल ब्राइटनर नावाची द्रव्यं करतात. ती डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात आणि तो निळा प्रकाश म्हणून परत देतात. म्हणून हा कागद उन्हात झगझगीत दिसतो आणि पिवळ्या बल्बखाली तोच कागद मंद वाटतो, कारण बल्बच्या प्रकाशात अतिनील भाग नगण्य असतो. ही द्रव्यं उजेडाने हळूहळू निकामी होतात आणि मग कागद आपल्या मूळ रंगावर येतो. दोन दिवाळ्यांपूर्वी भिंतीवर लावलेलं कार्ड फ्रेममधून काढून पाहा, पट्टीखाली झाकलेली कड आणि उघडा भाग निराळे दिसतील.

इतवारीतल्या त्या सात कागदांपैकी चार असे निळीचे होते. पायरीवर उन्हात ते डोळ्यांत खुपत. पत्रिका, बिलं, जाहिराती यांना तो झगझगाट शोभतो. पण निळ्या आकाशात निळसर पांढरा चंद्र ठेवला की तो ट्यूबलाइटसारखा दिसतो, हे मी घरी तुकड्यावर करून पाहिलं होतं. वैशाखी पौर्णिमेचा चंद्र गच्चीवरून पाहिला आहे त्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

पांढऱ्याला आपल्या भाषेत किती नावं आहेत! पांढराशुभ्र, पांढराफटक, दुधाळ, मोतिया, सायीसारखा. दुकानांत मात्र एकच नाव चालतं आणि पुढे जीएसएमचा आकडा. त्यातून घोळ होतो. आयव्हरी हा त्यातला सगळ्यात मोठा. नाव हस्तिदंताचं, पण आपल्याकडे आयव्हरी शीट मागितलं तर बहुतेक वेळा गुळगुळीत, बऱ्यापैकी पांढरं, जाड कार्डच समोर येतं.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. हिशोब सोपा आहे. ए-शून्य आकाराचा कागद एक चौरस मीटरचा, आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. ८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद म्हणून बरोबर ५ ग्रॅम भरतो आणि ३०० जीएसएमचा पावणेएकोणीस ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर १० शीट ठेवून मी दुकानदाराचा आकडा पडताळून पाहते, ही कॅशिअरची सवय. आकड्यावरून ताठरपणाचा अंदाज मात्र चुकतो. कागद त्याच घट्टपणाचा राहून दुप्पट जाड झाला तर तो दुप्पट नव्हे, सुमारे आठपट ताठ होतो. २५० आणि ३०० यांत हाताला जो मोठा फरक लागतो तो यामुळे. कार्डाच्या मुख्य घडीला मी २५० च्या खाली जात नाही. वर चिकटवायच्या, ठसा उमटवलेल्या तुकड्याला २०० ते २२० पुरतो, नाहीतर कार्ड पाकिटात जड होतं.

अमेरिकेत राहणाऱ्या भाचीने एकदा नीना कंपनीच्या कागदाचं, क्लासिक क्रेस्ट, सोलर व्हाइट, असं पुडकं आणून दिलं. हौशी मंडळींत या कागदाचं मोठं नाव आहे, विशेषतः अल्कोहोल मार्करसाठी, म्हणजे अल्कोहोलमध्ये रंग विरघळवलेल्या पेनांसाठी. पुडक्यावर ८० पाउंड लिहिलेलं. मी ८० हा आकडा पाहून म्हटलं, एवढा पातळ? तिथला हिशोब वेगळा. कव्हर जातीच्या कागदाचे २० बाय २६ इंचांचे ५०० ताव जितके पाउंड भरतील तो आकडा, आणि तो २१६ जीएसएम निघतो. तोच आकडा टेक्स्ट जातीच्या कागदावर असेल तर ताव मोठा धरतात आणि वजन ११८ वर येतं. तेव्हा परदेशातून कुणी आणणार असेल तर नुसतं ८० पाउंड सांगू नका, कव्हर म्हणून सांगा. आकाराचाही फरक आहे. त्यांचा लेटर कागद २१६ मिलिमीटर रुंद, आपला ए-फोर २१०. तिथल्या मापाचं कार्ड आपल्या कागदात सहा मिलिमीटरनी बसत नाही. मी तो नाद सोडला. ए-फोर मधोमध कापते, प्रत्येक अर्ध्याची घडी घालते, दोन ए-सिक्स कार्डं होतात आणि सी-सिक्सच्या पाकिटात आरामात जातात. ६० कार्डांना ३० शीट, कचरा शून्य.

नीनाचा तो कागद खरंच सुरेख आहे. तळव्यावर साटिनसारखा लागतो, पण त्याला लेप नाही. अल्कोहोल मार्करचा रंग कागदात शिरतो आणि तंतूंमधून पसरत जातो. दोन छटा एकमेकींत विरघळवायच्या तर कागद थोडा वेळ ओला राहायला हवा आणि रंग रेषेच्या बाहेरही जाता कामा नये. त्यासाठी तंतू घट्ट दाबलेले आणि पृष्ठभाग एकसारखा लागतो. कॉपिक हे जपानी मार्कर १९८७ साली आले आणि त्यांच्यामुळे हौशी लोक कागदाकडे इतकं निरखून पाहायला लागले असं मला वाटतं. साध्या कार्डशीटवर हेच मार्कर चालवले की गुलाबाची पाकळी फुगून पानात शिरते. पण त्या नीनावर पाण्याचे रंग घातलेत तर तो सुरकुततो आणि दोनतीनदा ब्रश फिरवला की वरून बारीक लोकर निघते. पाण्याला पाण्याचाच कागद लागतो, ३०० जीएसएमचा. त्यातही ठसा उमटवायचा असेल तर हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत, घ्यावा, कारण कोल्ड प्रेसच्या खडबडीत अंगावर बारीक रेघा तुटतात. रंगीत पेन्सिलीला पुन्हा उलट हवं: थोडी खरखर, नाहीतर मेणकट रंग घसरतो आणि दुसरा थर धरतच नाही.

माझं मोठं नुकसान आर्ट कार्डने केलं. ही सहस्रचंद्रदर्शनाच्या आधीची, पुतणीच्या केळवणाची गोष्ट. बर्डीवरच्या एका दुकानात चकचकीत, जाड, देखणं कार्ड मिळालं, दुकानदाराने ‘यावर छपाई एकदम टॉप येते’ असं सांगितलं आणि मी १०० शीट घेऊन आले. छपाई यंत्रावर ती येतेही. पण आर्ट कार्डवर चिनीमाती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो आणि तो शाईला आत जाऊ देत नाही. पिग्मेंट इंकचे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचे, ठसे दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होते. डाय इंक वाळल्यासारखी दिसली, पण कार्डं एकावर एक ठेवल्यावर प्रत्येकाच्या पाठीवर खालच्या मोगऱ्याची सावली उमटली. २५ कार्डं गेली. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू. उरलेल्या शीटवर एम्बॉसिंग पावडर टाकून, हीट गनने वितळवून ठसे पक्के केले. ओल्या शाईला पावडर चिकटते आणि वितळून वर बसते, मग कागदाने शोषलं नाही तरी चालतं. तो लेप तिथे उपयोगीच पडला.

तेव्हा आई खुर्चीवर बसून म्हणाली, “जिभेला लावून पाहिला होता का?”

ही तिची जुनी परीक्षा. आमच्या लहानपणी संक्रांतीला तिळगुळाची भेटकार्डं पोस्टाने जात. आई ती विकत आणत नसे. वर्षभर आलेल्या लग्नपत्रिका जपून ठेवायची, त्यांच्या कोऱ्या पाठी कापायची, कणकेच्या खळीने हलव्याचे दोनचार दाणे चिकटवायची आणि टाकाने दोन ओळी लिहायची. कापण्याआधी प्रत्येक पत्रिकेचा कोपरा जिभेच्या टोकाला लावायची. चिकटला तर शाई फुटणार, ती पत्रिका बाजूला. कागद करणारे लोकही खळ तपासायला जीभच वापरत, हे मी फार नंतर वाचलं.

कारण कागदालाही खळ असते. नुसत्या तंतूंचा कागद टीपकागदासारखा शाई पिऊन टाकील. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत आला आहे. अशा जुन्या कागदांना पिठाची खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, मग बोरू त्यावर सरळ चाले. युरोपात जिलेटिन वापरत. १८०७ साली जर्मनीत मोरिट्झ इलिग याने राळ आणि तुरटीची खळ लगद्यातच मिसळायची रीत प्रसिद्ध केली आणि कारखान्यांचं काम सोपं झालं. पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहिलं. आपल्या घरातली जुनी पुस्तकं पिवळी पडून कडांना मोडतात त्याला हेही एक कारण आहे. आज ॲसिड-फ्री लिहिलेला कागद घ्यायचा तो एवढ्यासाठी. साठ घरांपैकी चार घरी तरी आईचं कार्ड पोथीत ठेवलं जाणार, हे मला ठाऊक होतं.

तर सातांतले चार निळीचे म्हणून गेले. एकावर लेप होता, तो गेला. उरले दोन. एक २८० चा बिनलेपाचा, सायीकडे झुकणारा. दुसरा हातकागद, कापसाच्या चिंध्यांचा.

हातकागदावर माझा जीव होता. वर्धा आमच्यापासून ७५ किलोमीटर. गांधीजींनी १९३४ साली तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला आणि ज्या उद्योगांना हात दिला त्यांत हातकागद होता. विदर्भ पांढऱ्या सोन्याचा मुलूख. आईचं माहेर कापूसवाल्यांचं. तिचा चंद्र कापसाच्या कागदाचा असावा, यापेक्षा योग्य काय? मी १० शीट घेतलीच. पण घरी आल्यावर स्पंजाने निळं फिरवलं तर शाई पहिल्या स्पर्शालाच धरून बसली, गोल गोल डाग उठले, आणि मास्क उचलताना चंद्राच्या कडेची साल निघाली. स्पंजाच्या कामाला कागदाने शाई क्षणभर अंगावर खेळू द्यावी लागते आणि पृष्ठभाग इतका घट्ट लागतो की चिकटपट्टी ओढली तरी तंतू सुटत नाहीत. त्या कागदाचा स्वभाव तो नव्हता. मी त्याची पाकिटं केली. अस्सल दिसली.

२८० चा कागद सगळ्यांत पास झाला आणि मी निश्चिंत झाले. मग मे आला.

नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या पलीकडे आणि दिवसभर कूलर. वाळ्याच्या ओल्या वासाच्या त्या वाऱ्याशिवाय आमचा उन्हाळा पूर्ण होत नाही, पण कागदाला तो वारा सोसत नाही. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, कूलरच्या खोलीत दमट. कागद हवेतलं पाणी घेतो नि सोडतो, आणि प्रत्येक वेळी फुगतो नि आक्रसतो. मी रात्री कूलरसमोर बसून २० कार्डांवर निळे तुकडे चिकटवले आणि झोपले. सकाळी कूलर बंद, खिडक्या उघड्या, आणि ११ वाजेपर्यंत वीसच्या वीस कार्डं होडीसारखी वाकलेली!

दोष हवेचा एकटीचा नव्हता. यंत्रावर कागद तयार होताना बरेचसे तंतू एका दिशेने लागतात, त्याला छापखान्यात ग्रेन म्हणतात. कागद फुगतो तो मुख्यतः या दिशेला आडवा. मी कागद वाचवायला तुकडे फिरवून कापले होते, म्हणून कार्डाचा ग्रेन उभा नि तुकड्याचा आडवा. दोघं निरनिराळ्या बाजूंनी आक्रसले आणि एकमेकांना ओढलं. ग्रेन ओळखायला कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहावा, ज्या बाजूला कमी विरोध करतो ती घडीची बाजू. शंका असेल तर चौकोनी तुकड्याच्या एकाच अंगाला पाणी लावावं. तो गुंडाळी घेतो, आणि गुंडाळीची नळी ज्या दिशेने तीच ग्रेनची दिशा. घडी त्या दिशेने घातली तर कड स्वच्छ येते, उलट घातली तर जाड कागद फाटल्यासारखा चरकतो. मी आधी क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकाने रेघ दाबून घेते, मगच घडी.

पुन्हा केली वीस. या वेळी कागद दोन दिवस आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात, पाटाखाली दाबून ठेवला, सगळे तुकडे एकाच ग्रेनने कापले, आणि चिकटवायचं काम पहाटे, कूलर लावण्याआधी, साडेचार ते सात केलं. खिडकीतून खरा चंद्र मावळताना दिसे. परदेशी मंडळींच्या शिफारशी मी आजही आवडीने वाचते, पण त्यांच्यापैकी कुणी आमच्या कूलरसमोर कार्ड चिकटवलेलं नाही. म्हणून नवा कागद आला की एक तुकडा वहीत चिकटवते, त्यावर माझ्याच शाया, माझेच ठसे, आणि शेजारी तारीख, ऊन की पाऊस. त्या वहीत आता ४१ पांढरे आहेत.

कागद आईला मी निवडतानाच दाखवला होता, ते सांगायचं राहिलं. जानेवारीत तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डावा अजून व्हायचा होता. मी दोन तुकडे तिच्या हातात दिले, एक सायीचा आणि एक निळीचा. तिने डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळं पडतं, ते निघालं की निळा प्रकाश पुन्हा आत येऊ लागतो. “या डोळ्यानं दोन्ही सारखेच दिसते,” ती डाव्याबद्दल म्हणाली. “आणि यानं हा निळा आहे, हा दुधाचा.” बराच वेळ ती डोळे उघडझाप करत बसली. मग दुधाचा तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाली, “हा घे. हा दोन्हीकडून चंद्र आहे.”

सोहळा झाला. पावसाळा सरता सरता दुसरा डोळाही झाला. पट्टी सुटून आठवडा झाल्यावर तिने आपलं कार्ड मागितलं आणि गॅलरीत, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहिलं.

“आता थोडा पिवळा वाटते गं.”

मी म्हटलं, हवा असेल तर पांढऱ्यावर नवीन करून देते.

“नको. त्या दिवशीचा होता तो,” ती म्हणाली, आणि कार्ड पाकिटात घालताना सवयीने त्याचा कोपरा जिभेला लावून पाहिला.